पेट्रोल पंपाच्या जुन्या जागेवर निरीक्षण विहिरी (जमिनीखालचं पाणी तपासायला पाईप घालून केलेली बारीक भोकं) घेतल्या त्याचा रिव्ह्यू (५ पैकी ४, एक स्टार झाकणांनी खाल्ला)

आधीच सांगतो, एजन्सीचं नाव इथे टाकणार नाहीये. एक तर खाली तक्रारी पण आहेत, आणि ज्याने पहिल्यांदा आमची वाट लावली त्याचंही नाव टाकत नाहीये, मग ह्यांचंच टाकून काय उपयोग. पण हे काम नक्की कसं असतं, पैसे कशाचे घेतात आणि साइटवर उभं राहून काय बघायचं हे मला मराठीत कुठेच सापडलं नव्हतं म्हणून लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

सातारा जिल्ह्यात हायवेला आमचा पेट्रोल पंप होता. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८६ ला चालू केला, जमीन आमची आणि टाक्या तेल कंपनीच्या. पुढे बायपास झाला, ट्रकवाले तिकडून जायला लागले, २०२१ ला पंप बंद केला, कंपनीने टाक्या उकरून नेल्या, खड्ड्यात मुरूम लोटला आणि जागा पडून राहिली. २०२४ मध्ये एक गोडाऊनवाली पार्टी आली, भाव चांगला होता, सगळं ठरत आलं आणि इसाराच्या आदल्या दिवशी त्यांचे वकील म्हणाले की इथे पंप होता ना, मग जमिनीखालचं पाणी तपासल्याचा रिपोर्ट द्या. आम्ही हसलो. पाणी? जागा विकतोय, पाणी कुठे विकतोय?

खरं तर हसायला नको होतं, कारण शेजारचे आप्पा दोन-तीन वर्षं सांगत होते. त्यांची विहीर आमच्या टाकीच्या खड्ड्यापासून साठेक मीटरवर. उन्हाळ्यात मोटर चालू केली की पहिल्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो, म्हशी तोंड फिरवतात असं म्हणायचे. आणि मी काय म्हणायचो, आप्पा तुमच्या मोटरचंच ऑइल उतरत असेल. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

तर पहिला प्रयोग. मेव्हण्याच्या ओळखीतला बोअरवाला, "तीन बोअर मारून देतो, पाणी तपासून रिपोर्ट पण देतो, टेन्शन नको". गाडी आली, तीच आपली नेहमीची मोठी तिरुचेंगोडची पासिंगवाली, आणि गंमत म्हणजे सोबत पाणाड्या पण आला हातात नारळ घेऊन. म्हणलं अहो पाणी शोधायचं नाहीये, घाण शोधायचीये. तरी त्याने नारळ फिरवलाच. जिथे नारळ उभा राहिला तिथे पहिला बोअर, आणि तो थांबेचना, २१० फूट. वर २० फूट केसिंग पाईप, तोही सोल्युशन लावून चिकटवलेला, खाली सगळं उघडं. दुसरे दोन शंभर-शंभर फूट. सप्टेंबर महिना, पाणी वरपर्यंत आलेलं, कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी भरलं, बाटली दिवसभर जीपच्या डॅशबोर्डवर, आणि आठ दिवसांनी रिपोर्ट आला की टीडीएस इतका, हार्डनेस इतका, जंतू नाहीत, पाणी पिण्यायोग्य. पार्टीच्या कन्सल्टंटने तो कागद एकदा वाचला, परत वाचला, आणि मला फोनवर फक्त एवढंच विचारलं की ह्यात पेट्रोल कुठे शोधलंय?

शोधलंच नव्हतं. पिण्याच्या पाण्याची साधी टेस्ट केली होती. त्यात बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधलं विषारी केमिकल, बघतच नाहीत आणि बघितलं असतं तरी अर्धी-मुर्धी भरलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतून उन्हात ते केव्हाच उडून गेलेलं. वर कन्सल्टंटने स्वतः परत सॅम्पल घेतलं तर त्यात एमईके आणि टेट्राहायड्रोफ्युरान अशी भलतीच नावं निघाली, जी पेट्रोलची नाहीतच, ती पीव्हीसीला लावलेल्या सोल्युशनची. म्हणजे आम्हीच पैसे देऊन आमच्या पाण्यात नवीन केमिकल घातलं.

पण हे सगळं किरकोळ. खरी चूक त्या २१० फुटांत होती आणि ती मला दुसऱ्या एजन्सीच्या भूवैज्ञानिक मॅडमनी जमिनीवर काठीने चित्र काढून समजावली. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या खडक, त्याखाली काळा पाषाण, आणि कुठे कुठे दोन थरांच्या मध्ये तो लालभडक गेरूचा पट्टा. वरचं उथळ पाणी मुरूम आणि मांजऱ्यात असतं, खालचं पाणी खोल भेगांत. पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलकं, ते वरच्या पाण्यावर तरंगत राहतं, काळा पाषाण त्याला सहसा खाली जाऊ देत नाही. आणि आम्ही काय केलं, वरून खालपर्यंत एक उघडी नळी करून दिली. वरची घाण आता सरळ खालच्या पाण्यात, ज्याच्यावर अख्ख्या वस्तीचे बोअर आहेत. मॅडम म्हणाल्या, तुमच्याकडे आधी नवीन विहिरी नाही घ्यायच्या, आधी हे तीन बुजवायचे. तिथेच मला कळलं की ह्या धंद्यात पैसे भोकाचे नाहीत, भोक बुजवण्याचे आहेत. बाकीचा रिव्ह्यू म्हणजे ह्याच एका वाक्याचा पसारा आहे.

एजन्सी पुण्याची, ओळखीतून मिळाली. पहिल्या भेटीत मशीन नाही, गाडी नाही, मॅडम आणि एक पोरगा, आणि त्यांनी मागितलं काय तर आण्णांचं डिप रजिस्टर. आमच्या पंपावर आण्णा रोज सकाळी सहाला टाकीत डिप मारायचे, काठीवर पेस्ट लावून खाली पाणी किती ते बघायचे, आणि वहीत लिहायचे. कालचा साठा, आलेला टँकर, विक्री, आणि शेवटच्या रकान्यात घट. त्या वह्या माळ्यावर होत्या, उंदरांनी कडा खाल्लेल्या. मॅडम ओसरीवर बसून दोन तास वाचत होत्या. १९९८ च्या पावसाळ्यापासून एका पेट्रोलच्या टाकीला रोज सात-आठ लिटर घट आहे, त्याच्या आधी दोन-तीन असायची. आणि आण्णांनी त्या रकान्यापुढे कधी "उन्हामुळे" कधी "उडाले" असं लिहिलंय. दिवसाला सात लिटर म्हणजे कॅनभर पण नाही. वर्षाचं करा, अडीच हजार लिटर होतं. ती टाकी २००३ ला बदलली तेव्हा पत्र्याला छिद्रं होती हे मला आठवतंय, मी तेव्हा कॉलेजला होतो, आण्णा म्हणाले होते बरं झालं बदलली. कुणाच्या डोक्यात आलंच नाही की त्या छिद्रातून गेलेलं कुठे गेलं.

आण्णा आता नाहीत. त्यांच्या अक्षरातलं "उडाले" बघून मला जरा वेगळंच झालं, असो.

मॅडमनी चार जागा ठरवल्या. मी म्हणलं तीन पुरतील ना, पहिल्याने तीनच मारले होते. तर पहिल्याने तिन्ही एका रांगेत मारले होते, कंपाउंडच्या कडेने, गाडीला सोपं म्हणून. एका रांगेतल्या तीन ठिकाणांवरून पाणी कुठल्या दिशेला सरकतंय ते काढता येत नाही, त्रिकोण लागतो. एक विहीर वरच्या अंगाला, जिथे घाण नसणार, म्हणजे तुलनेला काहीतरी स्वच्छ पाहिजे, दुसरी ओढ्याच्या दिशेला, तिसरी टाकीच्या जुन्या खड्ड्याला लागून, आणि चौथी आप्पांच्या बांधाजवळ. ह्या चौथीसाठी मी घासाघीस केली आणि आता वाटतं बरं झालं हरलो.

कामाचे दिवस पाच. त्यातला पहिला अख्खा जुने तीन बोअर बुजवण्यात गेला, आणि ते वरून सिमेंट ओतून नाही बरं का, तळापर्यंत पाईप सोडून खालून वर भरत आले, सिमेंटमध्ये थोडं बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी माती) कालवून, म्हणजे मध्ये पोकळी राहत नाही. मेव्हणा बघायला आला होता, एवढं सिमेंट बघून म्हणाला स्लॅब झाला असता.

दुसऱ्या दिवशी ड्रिलिंग, आणि तिथे पण आधी मशीन नाहीच. दीड मीटरपर्यंत हाताने खणलं, पहार आणि फावड्याने. मला वाटलं टाईमपास चाललाय. तर तिसऱ्या जागेला सव्वा मीटरवर जुनी जीआय पाईप निघाली, टाकीपासून डीयूला, म्हणजे पेट्रोल सोडायच्या मशीनला जाणारी, जी कंपनीने टाक्या नेताना तशीच सोडली होती. मशीन सरळ लावलं असतं तर काय झालं असतं, पाईपमध्ये वाफ असती आणि एक ठिणगी. गॅसचा मीटर त्या खड्ड्यात सोडला तर बीप बीप सुरू, सगळ्यांना मागे घेतलं, मोबाईल गाडीत, इंजिनच्या सायलेन्सरला आधीच जाळीवालं टोपण होतं. ते लोक अशा वेळी अजिबात घाई करत नाहीत हे मला आवडलं. तासभर नुसते उभे होते. बंद पडलेला पंप म्हणजे मोकळं मैदान असं समजू नका एवढंच सांगतो.

रिग छोटी, ट्रॅक्टरवरची. मुरूमापर्यंत ऑगर, म्हणजे मोठं गिरमिट, खडक लागला की ठोकून फोडणारा हॅमर. हॅमर हवेवर चालतो आणि साध्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेल असतं, ते भोकात जातं आणि मग लॅबला तेल सापडतं आणि आपण बोंबलतो, म्हणून हवेच्या लाइनीवर फिल्टर होता, तो मी मुद्दाम बघितला कारण मॅडमनी सांगितलं होतं की कुणीही आलं तरी हे विचारा. अजून एक, सगळ्यात स्वच्छ जागा आधी आणि टाकीच्या खड्ड्याजवळची सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक भोकानंतर रॉड वाफेच्या प्रेशरने धुतले. आपल्या स्वयंपाकघरात पण दुधाचं भांडं माशाच्या सुरीने ढवळत नाहीत, तसंच.

दर मीटरला निघालेली माती झिपच्या पिशवीत घालायची, थोडा वेळ ठेवायची आणि पेट्रोलची वाफ मोजणाऱ्या पीआयडी नावाच्या यंत्राचं नाक आत खुपसायचं. पहिल्या विहिरीत आकडा जवळजवळ शून्य. तिसरीत, म्हणजे खड्ड्याजवळच्या, चार मीटरला यंत्राची गरजच नव्हती, वास तोंडावर आला. मुरूम तांबूस असतो आपला, तो तिथे करडा झाला होता. चार ते नऊ मीटर सगळा असाच. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता पाईप. दोन इंची पीव्हीसी, पण आट्यांचा, एकात एक फिरवून बसतो, सोल्युशनचा थेंब नाही. खालचा भाग जाळीचा, म्हणजे कारखान्यात कापलेल्या बारीक चिरा, अर्ध्या मिलिमीटरच्या. पहिल्या बोअरवाल्याने करवतीने चिरा पाडल्या होत्या ज्यातून माझं बोट गेलं असतं. भोक साडेसहा इंची आणि पाईप दोन इंची, मग मधल्या जागेत काय हाच तर सगळा खेळ. मुरूम ढासळू नये म्हणून तात्पुरती लोखंडी केसिंग, मधे पाईप सरळ उभा, आणि बाजूने धुतलेली एकसारखी सिलिका वाळू हळूहळू सोडायची, केसिंग थोडी थोडी वर ओढायची, फीत टाकून मोजायचं, परत वाळू. जाळी संपते त्याच्या वर अर्धा-पाऊण मीटर वाळू आली की थांबायचं. त्यावर बेंटोनाइटच्या गोळ्या, पाऊण मीटर. बेंटोनाइट म्हणजे तीच माती जी आपण अर्थिंगच्या खड्ड्यात घालतो, पाणी पिऊन फुगते. त्यावर स्वच्छ पाणी ओतून फुगायला वेळ द्यायचा, आणि मगच वर सिमेंट. ह्या पाऊण मीटरसाठीच मी म्हणतो की साइटवर उभे रहा. ते झाकलं गेलं की कुणालाच दिसत नाही, आणि ते नीट नसेल तर पावसाचं, रस्त्यावरचं पाणी पाईपच्या कडेने सरळ खाली जातं आणि तुमची विहीर जमिनीखालचं नाही, डांबरावरचं पाणी दाखवते. माझ्यासमोर एका विहिरीला पोरांनी अर्ध्या तासात सिमेंट ओतायची तयारी केली होती, मॅडमनी थांबवलं. मॅडम नसत्या तर? हा प्रश्न मी त्यांना पण विचारला, त्या हसल्या फक्त.

जाळी किती लांब ठेवायची ह्यावर मोठी चर्चा झाली आणि मला ह्या कामातला सगळ्यात हुशार भाग हाच वाटला. पेट्रोल तरंगतं, म्हणजे ते पकडायला जाळी पाण्याच्या पातळीवर पाहिजे, थोडी वर थोडी खाली. जाळी सगळी पाण्याखाली गेली तर तेल बाहेरच्या बाजूला पाईपला टेकून बसेल आणि आत स्वच्छ पाणी दिसेल. परदेशात बऱ्याच ठिकाणी तीन मीटर जाळीत भागतं कारण तिथे पाणी वर्षभरात फार हलत नाही. आपल्याकडे मे मध्ये विहीर तळाला आणि सप्टेंबरला काठाला. मॅडमनी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जवळच्या गावातल्या निरीक्षण विहिरीच्या मे आणि पावसाळ्यानंतरच्या पातळ्या काढून आणल्या होत्या, त्यावरून जाळी तीन मीटरपासून बारा मीटरपर्यंत, नऊ मीटर लांब. ह्याचा तोटा त्यांनी स्वतःच सांगितला, लांब जाळीत वरखालचं पाणी मिसळतं आणि विरघळलेल्या बेंझिनचा आकडा थोडा पातळ दिसतो. पण एकच विहीर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दोन्हीकडे चालवायची तर दुसरा इलाज नाही, नाहीतर जवळ जवळ दोन विहिरी घ्या आणि दुप्पट पैसे द्या.

मग विहिरी धुतल्या, पाईपात दट्ट्या वरखाली करून गढूळ पाणी काढत राहायचं जोपर्यंत नितळ येत नाही, एकेकीला अर्धा दिवस. बोअरिंगचा चोथा आणि हे पाणी सगळं ड्रममध्ये, ओढ्याला नाही. पाईपच्या तोंडाची उंची सर्व्हेअरने मिलिमीटरमध्ये घेतली, कारण पाणी किती खोल ते मोजून उपयोग नाही, चारही तोंडं एका हिशोबात पाहिजेत.

पातळी घेताना मजा झाली. आप्पांची पाच एचपीची मोटर चालू असली की पाणी तिकडे ओढलं जातं, त्यामुळे चोवीस तास मोटर बंद ठेवायची होती. आता शेतीची लाईट आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि त्या आठवड्यात आप्पांचा ऊस वाळत होता. मॅडम स्वतः गेल्या, चहा घेतला, आणि आप्पा म्हणाले बाई, तीन वर्षं मी सांगतोय वास येतोय तेव्हा कुणी ऐकलं नाही, आता तुम्ही ऐकताय तर घ्या बंद करून. मी तिथेच उभा होतो. मग मोटर बंद असताना पाणी ओढ्याकडे सरकतंय आणि चालू झाली की त्यांच्या विहिरीकडे वळतंय हे दोन दिवसांत कागदावर आलं. म्हणजे आप्पांचं पाणी आप्पाच ओढून घेत होते पण त्यातलं पेट्रोल आमचं.

सॅम्पलिंगला लॅबचा माणूस आला. छोटा पंप, मिनिटाला कपभर पाणी, खळखळाट नाही. चाळीस मिलिलिटरच्या काचेच्या बाटल्या, काठोकाठ, बुडबुडा एक पण नको, उलटी करून टिचकी मारायची आणि बुडबुडा दिसला तर ती बाटली बाद, नवीन घ्यायची. माझी मुलगी दहा वर्षांची, तिने तीन बाटल्या बाद केल्या, त्या माणसाने तिला मॅडम म्हणलं. एक बाटली पुण्याहून भरून आणलेली, उघडायचीच नाही, तशीच परत न्यायची, म्हणजे प्रवासात काही शिरलं तर कळावं. बर्फ संपला तर रसवंतीवाल्याकडून आणला, त्याला काय सांगायचं कळेना.

आता निकाल, थोडक्यात. मे २०२५, पाणी ९.२ मीटरवर. तिसऱ्या विहिरीत मीटर सोडला, त्यांच्या मीटरला तेल लागलं की सलग आवाज आणि पाणी लागलं की तुटक, आणि तो सलग वाजला. तेलाचा थर चार सेंटिमीटर. (विहिरीत चार म्हणजे जमिनीत पण चार असं नसतं, हे मॅडमनी दोनदा सांगितलं.) त्या तेलाखालच्या पाण्यात बेंझिन लिटरला २.३ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.०१ आहे. आप्पांच्या विहिरीत ०.०३. तरंगणाऱ्या तेलात शिसं पण निघालं, आणि देशात २००० च्या फेब्रुवारीपासून शिसंवालं पेट्रोल बंद झालंय, म्हणजे आण्णांची वही आणि लॅब एकच सांगतायत.

आणि मग सप्टेंबर, पाणी ३.४ वर, तिसऱ्या विहिरीत मीटर सोडला तर तेल गायब. शून्य. मेव्हणा खूश, म्हणला बघ पावसाने धुतलं. धुतलं काही नाही, पाणी वर आलं तेव्हा तेल मुरूमाच्या बारीक छिद्रांत अडकून पाण्याखाली राहिलं, म्हणूनच चार ते नऊ मीटर सगळा मुरूम करडा होता, वर्षानुवर्षं तेल पाण्याबरोबर वरखाली करत माखत गेलंय. पाणी उतरलं की ते परत तरंगायला लागतं. पहिल्या बोअरवाल्याने सप्टेंबरलाच पाणी घेतलं होतं. आप्पांना वास उन्हाळ्यातच का यायचा ह्याचं उत्तर पण हेच. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांचे नियम काढलेत, खर्च जो जबाबदार त्याच्यावर, त्यामुळे आता कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे, त्यात इथे शिरत नाही.

तक्रारी. रिपोर्ट तीन आठवड्यांत म्हणाले होते, सात आठवडे लागले, आणि आला तो सगळा इंग्रजीत, १४० पानं. मराठीत चार पानं द्या म्हणून मागे लागावं लागलं, ती मिळाली आणि तीच खरी वाचनीय आहेत, आप्पांना तीच दिली. ड्रमची विल्हेवाट कोटेशनमध्ये नव्हती, रांजणगावला घातक कचऱ्याच्या साइटला पाठवायचे वेगळे पैसे लावले, हे आधी सांगायला पाहिजे होतं. ऑगस्टला एका झडीत पाणी २.७ वर आलं, म्हणजे जाळीच्या वर, त्यामुळे ते रीडिंग तेलासाठी फुकट गेलं, ह्यात त्यांची अर्धीच चूक. आणि झाकणं! जमिनीच्या समतल लोखंडी झाकणं, बोल्टवाली, रबराचं वॉशर इतकं हलकं की पहिल्या पावसात दोन चेंबर भरले. आतलं कुलूपवालं टोपण घट्ट होतं म्हणून पाईपात नाही गेलं, पण एवढा खटाटोप करून वरून पाणी शिरायला वाव ठेवायचा म्हणजे कमाल आहे. फोन केल्यावर बदलून दिली, पण आले पंधरा दिवसांनी. एक स्टार तिथे गेला.

खर्च सगळे विचारणार म्हणून, चार विहिरी, जुने तीन बुजवणं, दोन वेळचं सॅम्पलिंग आणि लॅब मिळून सव्वासात लाख आणि वर १८ टक्के जीएसटी, ड्रमचे वेगळे. पहिल्या बोअरवाल्याचे एक लाख दहा हजार धरले तर ते बुजवायलाच जवळपास तेवढे परत गेले. कोटेशन घेताना मीटरचा रेट विचारू नका, सगळे मीटरचा रेट स्वस्तच सांगतात. जाळीची लांबी कशावरून ठरवली, बेंटोनाइट किती मीटर, भोकाचं ड्रॉइंग देणार का, आणि भूवैज्ञानिक पाचही दिवस साइटवर असणार का, हे विचारा, दोन जण तर तिथेच फोन ठेवतील. आमच्याकडे ठेवला होता. आणि झाकणाच्या चाव्या दोन करून घ्या, एक आमची हरवलीये आधीच.

पार्टी अजून गेलेली नाही, भाव पाडून मागतायत. आप्पांना प्यायचं पाणी आमच्या घरच्या नळावरून पाईप टाकून दिलंय, म्हशींना पण तेच. पुढचं रीडिंग मे महिन्यात. आप्पा म्हणाले मी येऊन बसतो, मोटर बंद ठेवतो, फक्त त्या आठवड्यात लाईट दिवसाची आहे का रात्रीची ते आधी विचारून तारीख काढा.